फाय-एक्स १७४ चे प्लाक कसे मोजायचे

फाय-एक्स १७४ हा जेमतेम २५-३० नॅनोमीटरचा फेज, म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, म्हणून त्याने जिवाणूंच्या थरात पाडलेली भोकं, म्हणजेच प्लाक, मोजायची.

यजमान म्हणून ई. कोलाय या जिवाणूचा ‘सी’ वाणच हवा. हा फेज पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइड या रेणूला चिकटतो. के-१२ या दुसऱ्या वाणामध्ये त्याची घडण वेगळी, त्यामुळे तिथे कितीही फेज ओतला तरी प्लाक उठत नाही. जिवाणूंची वाढ ३७ अंशांवर, ६०० नॅनोमीटरला ओडी (द्रवाच्या गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६ येईपर्यंत. रात्रभर ठेवलेलं शिळं कल्चर थेट वापरलं तर प्लाक बारीक येतात.

प्लेटमधला खालचा थर १.५ टक्के आगरचा (जेलीसारखा गोठणारा पदार्थ), वरचा मऊ थर ०.७ टक्के. दोन्हींत ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. ते वेगळं निर्जंतुक करून मगच मिसळा. फॉस्फेट बफर इथे नको, कॅल्शियम साक्यासारखं खाली बसतं.

विरलन करताना ०.१ मिली नमुना ०.९ मिली माध्यमात, असं सात वेळा. दर पायरीला पिपेटची टिप बदलायची. हा आळस नेमका इथेच नडतो: जुन्या टिपेच्या भिंतीला राहिलेला दाट नमुना पुढच्या नळीत उतरतो आणि आकडा फुगतो.

आता ०.१ मिली विरलन आणि ०.२ मिली जिवाणू ४५-४८ अंशांच्या ३ मिली मऊ आगरमध्ये टाका, नळी तळहातांत दोनदा फिरवा आणि लगेच प्लेटवर ओता. ५० अंशांच्या वर जिवाणू मरू लागतात. थंड झालं तर गुठळ्या. प्लेट गार असेल तर आगर पसरायच्या आतच गोठतं, म्हणून ती आधी ३७ अंशांवर ठेवा. १५ मिनिटांनी प्लेट उपडी करून इन्क्युबेटरमध्ये. सोबत तुलनेसाठी फेज न घातलेली एक प्लेट हवीच.

तीन-चार तासांतच प्लाक दिसू लागतात. रात्रभर ठेवलेत तर ते एकमेकांत मिसळतात आणि मोजणी हातची जाते. ३० ते ३०० प्लाकांचीच प्लेट धरा. १ कोटी पट विरलनाच्या प्लेटवर ८६ प्लाक असतील, तर मूळ नमुन्यात मिलीला ८६० कोटी फेज. ओतलेला ०.१ मिली होता, हा दहाचा गुणाकार बरेच जण विसरतात.