दहावी-बारावीचं विज्ञान घरूनच करताय? विषय निवडताना या चुका टाळा

शाळेत जाणाऱ्या मुलाचे विषय, प्रॅक्टिकलच्या तारखा, परीक्षेचे फॉर्म हे सगळं वर्गशिक्षक आणि ऑफिसातली मंडळी बघतात. आईवडिलांनी सही केली की काम झालं. मूल घरी शिकत असेल तर वर्गशिक्षक आपणच आणि ऑफिसही आपणच. आमची मुलगी सहावीनंतर घरी शिकली. तिची बारावी आता होऊन गेली आहे. मधल्या काळात गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, देवळाली अशा नाशिकच्या निरनिराळ्या भागांतले पालक ‘विज्ञानाचं कसं करायचं?’ हे विचारायला घरी येऊन गेले. त्यांचे आणि आमचे घोटाळे एकत्र ठेवून पाहिले की एकच गोष्ट दिसते. विषय निवडताना पुढच्या प्रवेशाच्या अटीपासून मागे यायला हवं आणि शिकवताना मुलाच्या कुतूहलापासून पुढे जायला हवं. आपण नेमकं उलट करतो. विषय आवडीवर ठरवतो आणि शिकवतो मात्र परीक्षेपुरतं.

दहावीलाच गणित किंवा विज्ञान सोडणं

घरी शिकणारी बहुतेक मुलं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करतात. दहावीच्या नोंदणीसाठी वय १४ पूर्ण लागतं, किमान ५ विषय घ्यावे लागतात आणि त्यात निदान एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही, विज्ञानही नाही. गृहविज्ञान, चित्रकला असे विषय घेऊनही दहावीचं प्रमाणपत्र हातात पडतं.

ही मोकळीक खरी आहे आणि काही मुलांना तिचा फार उपयोगही होतो. पण १४ व्या वर्षी ‘गणित नको’ म्हणणारं मूल १६ व्या वर्षी काय म्हणेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. ओळखीच्या एका घरातल्या मुलाने चित्रकलेच्या ओढीने गणित सोडलं. दोन वर्षांनी त्याला आर्किटेक्चरला जायचं होतं आणि तिथे बारावीचं गणित लागतं. पाया कच्चा, त्यामुळे नववीपासूनचं बीजगणित आणि भूमिती पुन्हा करण्यात त्याचं एक अख्खं वर्ष गेलं. दहावीनंतर नेहमीच्या ज्युनियर कॉलेजात सायन्सला जायचं ठरलं, तर तिथेही दहावीचं गणित-विज्ञान बघतात. मूल कितीही कुरकुरलं तरी दहावीला हे दोन्ही विषय ठेवा, असंच मी प्रत्येकाला सांगते. कमी मार्क पडले तर पडू द्या.

बारावीला जोडी मोडणं

एनआयओएसच्या बारावीत आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशा भिंती नाहीत. जीवशास्त्राबरोबर मानसशास्त्र घ्या किंवा भौतिकशास्त्राबरोबर इतिहास, कोणी अडवत नाही. अडवतात ते पुढे, प्रवेशाच्या वेळी.

एक आई म्हणाल्या, ‘ताई, तिला फिजिक्स झेपत नाही. बायो आणि केमिस्ट्री आहे ना, मग बीएएमएसला चालेल की!’ चालत नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांचा रस्ता ‘नीट’ या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून जातो आणि त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. बी. फार्मसीला भौतिक आणि रसायन लागतंच, तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर भौतिक, रसायन, गणित. मुलाचा कल अजून ठरत नसेल तर भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र आणि इंग्रजी असे पाचही घ्यावेत. ओझं जास्त आहे, पण एनआयओएसची नोंदणी ५ वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात, तेव्हा ते विभागून उचलता येतं.

फिजिक्स नकोच म्हणणाऱ्या मुलीला मी लासलगावची गोष्ट सांगते. तिथल्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा ठरावीक मारा करून कांद्याला कोंब फुटणं थांबवतात. किरण हा भौतिकशास्त्राचा भाग, कोंबातल्या पेशींचं विभाजन थांबणं हा जीवशास्त्राचा. साठवणीच्या चाळीतल्या कांद्याला हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत. जीवशास्त्र मनापासून आवडणाऱ्या मुलाला फिजिक्सची गरज अशा दाराने पटते.

बागेत केलं म्हणजे प्रॅक्टिकल झालं, असं समजणं

ही चूक आमची स्वतःची. म्हणून जरा सविस्तर सांगते.

निफाडजवळ माझ्या दिरांची द्राक्षबाग आहे. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी तिथे बोर्डो मिश्रण करतात. १ टक्क्याचं मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि १ किलो चुना. तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायची जुनी रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, मोकळं मोरचूद उरलंय आणि ते पानं जाळणार. मुलगी १३ वर्षांची असताना हे बघून काकांच्या मागेच लागली, ‘विळ्यावर तांबं आलं कुठून?’ लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतं, म्हणजे विस्थापन अभिक्रिया, हे तिला पुस्तकातून शिकवावं लागलंच नाही. द्राक्षं उतरायला आली की रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघायची, तेव्हा अपवर्तन कळलं. आम्ही खूश होतो. प्रॅक्टिकलची काळजी आपल्याला नाही, अशी आमची खात्रीच झाली.

मग बारावीचं रसायनशास्त्र आलं. ८० गुण लेखी, २० प्रॅक्टिकल, आणि उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. तिने तोवर ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव मोजून सोडायची नळी, हातात धरलं नव्हतं. टायट्रेशनमध्ये रंग कोणत्या थेंबाला पालटतो ते डोळ्याला सवय झाल्याशिवाय कळत नाही. क्षार ओळखायच्या चाचण्या तर एका ठरलेल्या क्रमाने कराव्या लागतात. त्यात प्रॅक्टिकलची तारीख एनआयओएसच्या अभ्यासकेंद्राने फलकावर लावली आणि आम्हाला ती कळलीच नाही. फोन येईल म्हणून आम्ही घरी बसून राहिलो. निकालात रसायनशास्त्रापुढे ‘एसवायसीपी’ आलं, म्हणजे प्रॅक्टिकल बाकी. एप्रिल-मेनंतरची परीक्षा थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या वर्षीचे प्रवेश हातचे गेले. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिची काहीच चूक नव्हती, हे मला आजही लागतं.

तेव्हा विषय घेण्याआधीच, या विषयाचं प्रॅक्टिकल मूल कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली करणार, हे ठरवा. अभ्यासकेंद्रात प्रयोगशाळा खरोखर चालू आहे का, ते आत जाऊन बघा. नुसत्या पाटीवर जाऊ नका. नसेल तर एखाद्या ज्युनियर कॉलेजच्या किंवा क्लासच्या शिक्षकांना विचारून दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत सलग ८-१० दिवस प्रयोगशाळा मिळवा. फी पडते, पण ती सत्कारणी लागते. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला केंद्रात स्वतः जा आणि वेबसाइटही बघत राहा.

भौतिकशास्त्राचं बरंचसं घरी होतं. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात काम करणारं नात्यात कोणी ना कोणी असतंच. त्यांच्याकडून व्हर्नियर आणि मायक्रोमीटर आठवडाभर मागून आणा. कारखान्यात ज्याला मायक्रोमीटर म्हणतात, त्यालाच पुस्तकात स्क्रू गेज म्हणतात. भिंगाचं नाभीय अंतर, लंबकाचा आवर्तकाल, ओहमचा नियम हे स्वयंपाकघराच्या ओट्यावरही जमतं. तीव्र आम्लं मात्र घरी आणू नका, कितीही हौस असली तरी. घरी जास्वंदीच्या पाण्याचा दर्शक करून लिंबू आणि धुण्याचा सोडा तपासणं पुरे.

जे कराल ते वहीत उतरवा. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षणाचा तक्ता, एकक, निष्कर्ष. आमच्या मुलीने विळ्याचा तो प्रयोग कधी लिहून ठेवलाच नाही. मोरचूद कमीजास्त करून, चुना बदलून, पीएच कागदाने मोजून तोच प्रयोग पाच वेळा केला असता तर त्याचा सुंदर प्रकल्प झाला असता.

पुस्तक एका बोर्डाचं, परीक्षा दुसऱ्याची

इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठीची राज्याची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते: अंदाजे २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. एनआयओएसची किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डाची पुस्तकं पाठ करून सीईटीला बसणाऱ्या मुलाला प्रश्नांची भाषाच परकी वाटते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती शेजारी ठेवा. नीट आणि जेईई मेनसाठी एनसीईआरटीची.

भाषेचंही आधीच बघा. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे पेपर मराठीत मिळतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठीतून शिकलेल्या मुलाने संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी अशी जोडवही नववीपासून ठेवावी. मराठीत समजून घेतलेली संकल्पना पक्की असते, ती सोडायला मी कधीच सांगणार नाही.

मुक्त विद्यापीठ आणि मुक्त विद्यालय एकच समजणं

हा घोटाळा नाशिकमध्ये हमखास होतो, कारण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या गोवर्धनलाच आहे. विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बी. ए., बी. कॉम. कडे जाता येतं. पण तो म्हणजे बारावी सायन्स नव्हे. नीटला किंवा इंजिनिअरिंगला तो चालत नाही.

परराज्यातलं केंद्र घेणं

‘तिकडे सोपं जातं, सगळं आम्ही बघतो’ असं सांगणारे एजंट भेटतात. वैद्यकीयच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून प्रवेशासाठी, काही अपवाद सोडले तर, अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. शक्यतो नाशिकचंच, म्हणजे चकरा मारता येतील.

केंब्रिज घेताना फक्त दहावीपुरतं बघणं

केंब्रिजच्या आयजीसीएसईत, म्हणजे त्यांच्या दहावीत, प्रयोगशाळेच्या परीक्षेऐवजी ‘अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल’ हा लेखी पेपर देता येतो, म्हणून घरच्या मुलांना ते सोयीचं वाटतं. ए लेव्हलच्या, म्हणजे त्यांच्या बारावीच्या, भौतिक, रसायन, जीवशास्त्राला ही सोय नाही, तिथे प्रत्यक्ष प्रयोगाचा पेपर आहेच. खासगी विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत बसू देणारं केंद्र आधी लेखी विचारून घ्या, मगच त्या वाटेला लागा. ‘कंबाइन्ड सायन्स’ एका विषयाइतकं धरतात, ‘कोऑर्डिनेटेड सायन्सेस’ दोन विषयांइतकं. नावं सारखी वाटतात, फॉर्म भरताना गफलत होते.

लवकर उरकण्याची घाई

घरी शिकणारं मूल पुढे असतं, म्हणून आईवडिलांना वाटतं की बारावी लवकर उरकून टाकावी. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत २ वर्षांचं अंतर लागतं. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डला बारावी पहिल्यांदा दिल्यापासून लागोपाठ दोनच वर्षं बसता येतं, म्हणून भौतिक, रसायन, गणित लवकर देऊन टाकणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. जेईईसाठी एनआयओएसची बारावी किमान ५ विषयांची हवी, हेही विसरू नका. हाताशी वर्ष मोकळं असेल तर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाऊन पक्ष्यांच्या नोंदी ठेवा, पांडवलेणीचा बेसॉल्ट हातात घेऊन बघा.

चूक आधीच झाली असेल तर

बारावी झाली पण जीवशास्त्र घेतलं नव्हतं आणि आता वैद्यकीयला जायचंय, असं असेल तर घाबरून जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही नीटला पात्र आहे. मुक्त विद्यालयाच्या बारावीमुळे नीटचा दरवाजा बंद होतो, ही भीतीही आता जुनी झाली. गणित राहून गेलं असेल तर एनआयओएसमध्ये तेवढ्याच विषयापुरता प्रवेश घेता येतो. प्रॅक्टिकल बाकी असेल तर लेखी पुन्हा द्यायची काळजी करण्याआधी केंद्रात जाऊन नेमकं काय बाकी आहे ते गुणपत्रिकेवरून तपासा. आमचं फक्त प्रॅक्टिकल राहिलं होतं. पुढच्या सहा महिन्यांत एका निवृत्त शिक्षकांनी मुलीला त्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत दर शनिवारी उभं केलं. नोव्हेंबरमध्ये ती परीक्षा देऊन घरी आली आणि दारातूनच म्हणाली, ‘आई, शेवटचा थेंब बरोबर ओळखला.’