ऑफ-कॅमेरा फ्लॅशची कॉर्ड घेताय? या चुका टाळा

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला आणि माझा फ्लॅश पेटलाच नाही. सलग तीन फ्रेम अंधारल्या. फ्लॅश बाजूला असिस्टंटने धरला होता आणि तो कॅमेऱ्याला कॉर्डने जोडलेला होता. चौथ्या वेळी त्याचा हात जरा हलला तेव्हा कुठे उजेड पडला. पुण्यात कर्वे रोडवरच्या त्या कार्यालयातला तो क्षण पुन्हा येणार नव्हता. रात्री घरी येऊन कॉर्ड उघडली. वायर मधे कुठेही तुटलेली नव्हती. फ्लॅशकडच्या टोकाला, जिथे ती प्लॅस्टिकच्या बुडात शिरते, तिथली रबरी बाही चिरली होती. आत केसाएवढी एक तार तुटून नुसती टेकून राहिली होती. हात हलला की ती चिकटायची, पुन्हा हलला की सुटायची.

तेव्हापासून कॉर्ड घेताना मी पहिल्यांदा तिची मान, म्हणजे वायर बुडात शिरते ती जागा, बघतो. बहुतेक जण लांबी बघतात, वायरची जाडी चाचपतात, किंमत विचारतात. पण कॉर्ड मरते ती मानेशी. बाही लांब आणि लवचिक हवी, बोटाने वाकवली तर वायरला कमानीसारखं वळण मिळायला हवं. एका जागी काटकोनात मोडत असेल तर ती कॉर्ड खाली ठेवा. मग बूड उलटं करून बघा. स्क्रूने बसवलेलं असेल तर पुढेमागे उघडून दुरुस्त करता येतं, नुसतं चिकटवलेलं असेल तर तुटलं की फेकायचं.

बूड धातूचं हवं, असं सगळे सांगतात. माझं मत जरा वेगळं आहे. धातूचं बूड झिजत नाही हे खरं, पण कुणाचा पाय अडकून झटका बसला तर सगळा जोर कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेवर, येतो. कॅमेऱ्याकडे प्लॅस्टिकचं बूड चालेल, ते तुटलं तरी कॅमेरा वाचेल. फ्लॅशकडे मात्र धातूचंच घ्या, कारण तिथे फ्लॅशचं वजन असतं.

दुसरी चूक दुकानातच होते. कॉर्ड लावली, टेस्ट शॉट घेतला, फ्लॅश पेटला, पैसे दिले. फ्लॅश पेटवण्याचं काम मधली मोठी पिन करते आणि ती बहुतेक ब्रँडमध्ये एकाच जागी असते. कॅननला तिच्याभोवती आणखी चार पिन असतात, निकॉनला तीन, आणि त्यांच्या जागा वेगळ्या. त्यामुळे चुकीच्या ब्रँडची कॉर्डही दुकानात पेटते, फक्त टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं, चालत नाही. सोनीने 2012 पासून आणलेल्या शूमध्ये बारीक पिना पुढच्या कडेखाली दडलेल्या असतात, तिथे त्याच शूसाठीची कॉर्ड लागते. दुकानात कॅमेरा टीटीएलवर ठेवा, जवळची आणि लांबची अशा दोन फ्रेम काढा आणि फ्लॅशची ताकद बदलते का ते बघा. साधी पीसी सिंक कॉर्ड फक्त ‘पेट’ एवढाच निरोप पोचवते. तिच्याकडून टीटीएल किंवा हाय-स्पीड सिंकची (खूप वेगवान शटरला फ्लॅश चालवण्याची) अपेक्षा ठेवू नका.

लांबीचा हिशेब नीट करा. कॅननची ओसी-ई3 ताणून साधारण 60 सेंटीमीटर जाते, निकॉनची एससी-28 दीड मीटरपर्यंत. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्यात फ्लॅश धरून वेताळ टेकडीवर पावसाळ्यात किडे टिपायचे असतील, तर 60 सेंटीमीटर पुरतात. स्टँडवर फ्लॅश लावायचा असेल तर नाही. स्पायरल कॉर्ड ताणली की ती स्टँडला सतत स्वतःकडे ओढत राहते, वजन नसेल तर स्टँड आडवा होतो. अशा कामाला सरळ, लांब कॉर्ड घ्या. दोन छोट्या जोडून लांबी वाढवलीत तर बिघडायच्या जागाही दुप्पट होतात.

मानेवरचा ताण वाचवायचा साधा उपाय म्हणजे वेल्क्रोची पट्टी. टोकापासून चार बोटं सोडून वायर ब्रॅकेटला किंवा कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधा. झटका पट्टी खाईल, मान नाही.

कॉर्ड दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या उन्हात डिकी भट्टीसारखी तापते, स्पायरल ढिली पडते आणि पुन्हा आवळत नाही. हळदीच्या किंवा विसर्जन मिरवणुकीच्या कामानंतर पिनांवर हळद, गुलाल बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, पिनांवरचा मुलामा खरवडून निघतो.

फ्लॅश दगा देऊ लागला, तर आधी तो थेट कॅमेऱ्यावर लावा. तिथे नीट चालला तर दोष कॉर्डचा. मग फ्लॅश मॅन्युअलवर 1/64 ताकदीला ठेवा आणि एक-एक मान हलवत वीसेक फ्रेम काढा. ज्या टोकाशी चुकतो, तिथे तार तुटलेली. प्रत्येक वेळी पेटतोय पण टीटीएल भलतंच वागतंय, तर मधली पिन ठीक आहे. बाजूच्या पिना पुसून बघा, बूड पूर्ण आत सरकलंय का तेही बघा. खात्री करायची तर मल्टिमीटर तार जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर ठेवून दोन्ही टोकांच्या पिना तपासा. बीप ऐकू येत असताना मान हलवा, बीप तुटला की जागा सापडली.

जुन्या बाजारातून जुना फ्लॅश आणला असेल, तर कॉर्ड जोडण्याआधी त्याच मीटरने त्याच्या पिनवरचं व्होल्टेज मोजा. काही जुन्या फ्लॅशमध्ये ते 200 व्होल्टच्या वर असतं आणि कॉर्ड ते जसंच्या तसं कॅमेऱ्यात पोचवते. कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघूनच जोडा.

स्क्रूवाली कॉर्ड मानेशी तुटली असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोल्डरिंग करता येतं. कापण्याआधी आतल्या वायरींच्या रंगांचा मोबाइलवर फोटो काढा, सगळा क्रम त्यावरच अवलंबून असतो. फ्लॅश मात्र कधीही उघडू नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास दाब उरू शकतो. लग्नातली ती कॉर्ड मी तपकीर गल्लीतून आणलेल्या हीटश्रिंक (तापवली की आवळणाऱ्या) नळीची नवी बाही चढवून जोडली. चार बोटं आखूड झाली आहे, म्हणून आता ती टेकडीवरच्या कामाला नेतो. लग्नाच्या बॅगेत दोन नव्या कॉर्ड असतात.