सोया वड्या: आधी पिळा, मग शिजवा

सोया वडी रबरासारखी चावते, आतून फिकी लागते किंवा तिला उग्र वास येतो. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: वडी पुरती भिजलेली नसते किंवा नीट पिळलेली नसते. मसाला वाढवून हा दोष झाकता येत नाही. खालच्या दोन्ही कृती, रस्सा आणि कटलेट, दूध, अंडं आणि गहू टाळून केलेल्या आहेत.

तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाला यंत्रात ओलावा, उष्णता आणि दाब देऊन ते बारीक तोंडातून बाहेर ढकलतात. बाहेर पडताक्षणी आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि आत जाळी पडते. म्हणजे वडी हा स्पंज आहे. त्यात आधीच साधं पाणी भरलेलं असेल, तर मसाल्याला शिरायला जागाच उरत नाही.

चार जणांसाठी 100 ग्रॅम कोरड्या वड्या घ्या. दीड लिटर पाणी उकळा, त्यात एक चमचा मीठ आणि वड्या घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करून 15 मिनिटं झाकून ठेवा. वड्या तरंगतात, म्हणून वर एखादी ताटली दाबून ठेवावी, नाहीतर वरची बाजू कोरडी राहते. भिजली की नाही हे पाहायला एक वडी मधोमध तोडा. गाभा फिकट आणि कडक दिसला तर आणखी पाच मिनिटं द्या. बारीक दाण्यांच्या चुऱ्याला मात्र गरम पाण्यात पाच मिनिटं पुरतात. जास्त ठेवला तर लगदा होतो.

आता चाळणीत ओतून ते पाणी फेकून द्या. पोषक म्हणून रश्श्यात वापरण्याचा मोह होतो, पण सोयाबीनचा उग्र वास त्यातच उतरलेला असतो, आणि पोटात गॅस करणाऱ्या विद्राव्य शर्कराही. वड्यांवर गार पाणी घाला, मुठीत धरून घट्ट पिळा, पुन्हा गार पाण्यात बुडवा, पुन्हा पिळा. पिळलेलं पाणी फेसाळ आणि पिवळसर येतं. ते जवळजवळ नितळ येईपर्यंत हे करायचं, साधारण तीन वेळा. चुरा मुठीत धरवत नाही, तो स्वच्छ पंचात बांधून पिळावा. 100 ग्रॅमच्या वड्या पिळल्यावर साधारण अडीच ते तीन पट भरतात. वजन बरंच जास्त आलं तर पाणी अजून आत आहे.

पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा कोरड्या मालाचा असतो. 100 ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं असतात. त्या चौघांत वाटल्या की प्रत्येकाला बारा-तेरा ग्रॅम मिळतात. भिजलेली वाटी मोजून हिशेब केला की चुकतोच.

ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, गोष्ट जरा वेगळी. सोयाबीनमध्ये ग्लूटेन नसतं, पण सगळ्या सोया पदार्थांबद्दल हे म्हणता येत नाही. काही तयार वड्यांत गव्हाचं पीठ किंवा गव्हाचं ग्लूटेनच मिसळलेलं असतं, तर मसाला लावलेल्या पाकिटांत दुधाची पावडरही सापडते. त्यामुळे घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नये. खरा घात होतो तो सोबतीच्या जिन्नसांनी. बांधानी, म्हणजे पीठ मिसळून बनवलेल्या, हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, नेहमीचा सोया सॉस गहू घालून बनतो, आणि गव्हावर दळलेलं तांदळाचं पीठ किंवा बेसन नावापुरतंच गव्हाविना राहतं. सीलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असणाऱ्यांनी पाकीटबंद, ‘ग्लूटेनमुक्त’ असं छापलेलंच पीठ वापरावं. या शब्दाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लूटेन इतकी आहे. तळणाचं तेलही ताजं हवं, त्यात आधी मैद्याचं काही तळलेलं नको.

रस्सा करायचा तर पिळलेल्या वड्यांना दोन चमचे आलं-लसूण वाटण, दीड चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, पाऊण चमचा मीठ, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा तेल चोळून अर्धा तास मुरवा. तेल टाळू नका. वडीत स्वतःची चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेलाविना ती कोरडी लागते. मग दोन मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत परता. कढईत गर्दी केली तर वड्या परतल्या न जाता वाफवल्या जातात. 100 ग्रॅमचा माल दोन घाण्यांत काढा.

त्याच कढईत तीन मोठे चमचे तेल, 200 ग्रॅम बारीक चिरलेला कांदा लालसर होईपर्यंत, मग 250 ग्रॅम टोमॅटो तेल सुटेपर्यंत. त्यात दोन चमचे धने-जिरे पूड, एक चमचा गरम मसाला, वड्या आणि अडीच कप गरम पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर 12 मिनिटं शिजवा. दाटपणासाठी साय किंवा दही नको. 20 काजू गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवून गुळगुळीत वाटा आणि शेवटची पाच मिनिटं घाला. ढवळत राहा, काजू तळाला लागतो. वड्या नंतरही रस्सा पितात, म्हणून उतरवताना तो हवा त्यापेक्षा पातळ ठेवा. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण वड्यांतलं मीठ रश्श्यात उतरतं.

कटलेट फुटतात त्याचं कारण बहुधा पीठ कमी पडणं नसतं, ओल जास्त असते. 100 ग्रॅम चुरा भिजवून कोरडा पिळा आणि दोन मिनिटं नुसत्या तव्यावर परतून घ्या. 250 ग्रॅम बटाटा उकडून पूर्ण गार होऊ द्या. गरम बटाटा वाफ सोडतो आणि सारण चिकट होतं. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते, ती अंड्याच्या जागी घाला. तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, मीठ आणि आवडीचा मसाला घालून मळा, दीड सेंटीमीटर जाड चपटे करा आणि 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बाहेरून तांदळाचं पीठ लावलं तर कुरकुरीत होतात, नुसतं कॉर्नफ्लोअर लवकर मऊ पडतं. तवा चांगला तापल्यावरच टाका आणि खालची बाजू सुटेपर्यंत, साधारण चार मिनिटं, हात लावू नका. ओढून उलटलेलं कटलेट हमखास मोडतं.

पिळलेल्या वड्या हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. जास्त दिवसांसाठी डीप फ्रीजर बरा, आणि वितळल्यावर पुन्हा एकदा पिळायला विसरू नका, कारण बर्फाचं पाणी आतच साठलेलं असतं.