नदीतल्या माशांमधले धातू तपासताय? या चुका टाळा

उजनीची चिलापी असो नाहीतर कृष्णेची वाम, दरवर्षी एमएस्सीची पोरं माशांमधलं शिसं, पारा, कॅडमियम तपासायला येतात आणि दरवर्षी त्याच त्याच चुका करतात. हे मासे रोज कुणाच्या तरी ताटात जातात, म्हणून चिडून का होईना पण लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या आणि कोरड्या वजनाची सरमिसळ. मासा ओव्हनमध्ये वाळवला, पूड केली, मशीनवर आकडा आला की तो थेट खाण्याच्या मर्यादेला लावून मोकळे. अरे पण मर्यादा ओल्या मांसासाठी असतात! कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, माशातल्या शिशाची मर्यादा किलोला 0.3 मिलिग्रॅम आहे, ती बाजारातून आणतो तशा ताज्या माशासाठी, आणि गोड्या पाण्यातल्या माशात साधारण 75 ते 80 टक्के पाणीच असतं, म्हणजे कोरड्या पुडीवरचा आकडा चार-पाच पट फुगलेला. एका पोराचा रिपोर्ट असाच निघाला, शिसं 0.9, खाली लाल अक्षरात 'मर्यादेच्या तिप्पट'. त्या पानाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि धरणाकाठच्या बायकांच्या पाट्या तशाच परत जायला लागल्या. माशात पाणी किती होतं विचारलं तर मोजलंच नव्हतं! नशीब, फ्रीझरमध्ये त्याच माशाचा तुकडा शिल्लक होता, तो वाळवून बघितला तर 78 टक्के पाणी, म्हणजे ओल्या वजनावर शिसं 0.2 च्या आसपास, मर्यादेच्या आत. ही दुरुस्ती मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. तेव्हापासून आकड्यापुढे 'ओलं' की 'कोरडं' लिहिलेलं नसेल तर मी ते पान वाचतच नाही. जस्त, लोह, कॅल्शियमचंही हेच, कोरड्या पुडीचा आकडा घेऊन मासा किती पौष्टिक ते सांगू नका.

दुसरी चूक, माशाचा कुठला भाग घेतला तेच न सांगणं. कॅडमियम लिव्हरमध्ये आणि किडनीत साठतं, शिसं हाडं, कल्ले, खवल्यांत जास्त, पारा मात्र मांसातच बसतो. घाईतली पोरं अख्खा मासा मिक्सरला लावतात, त्यात आतड्यातला चिखलही आला, मग लोह आणि ॲल्युमिनियम वर जाणारच. पण याच्या उलटंही चुकतं. बारीक मासळी लोक काट्यासकट खातात, तिचं नुसतं मांस काढून तपासलं तर हाडातलं कॅल्शियमही सुटलं आणि शिसंही सुटलं. माझी पद्धत साधी आहे, आधी नदीकाठच्या घरात जाऊन विचारायचं की हा मासा कसा साफ करता, काय टाकता, काय खाता, आणि तसाच नमुना करायचा. याला एक दुपार जाते आणि तेवढीही कुणाला द्यायची नसते.

सगळ्या जातींची एकच सरासरी काढू नका. मिथाइल पारा, म्हणजे माशात साठणारं पाऱ्याचं विषारी रूप, लहान माशातून मोठ्यात चढत जातो, त्यामुळे दुसरे मासे खाणारी मरळ किंवा शिवडा आणि शेवाळावर जगणारी चिलापी एका रकान्यात बसत नाहीत. जपानमध्ये अगानो नदीचे मासे खाऊन माणसं कायमची अधू झाली, 1965 मध्ये ते उघड झालं, आणि अजून कुणीतरी विचारतंच की मीठ-लिंबू लावून, तळून पारा जातो का. नाही जात. तो प्रथिनांना चिकटलेला असतो, तळताना पाणी उडतं आणि पारा तिथेच राहतो.

बाकीच्या पटापट सांगतो. उघड्या बीकरमध्ये पाऱ्याचा नमुना उकळू नका, उडून जातो, बंद भांड्यातच करा. क्रोमियम-निकेल बघायचं असेल तर स्टीलची सुरी नको, सिरॅमिकची घ्या. 'सापडलं नाही' म्हणजे शून्य नव्हे, मशीनला किती खालपर्यंत दिसतं ते लिहा. माशाची लांबी आणि वजन घाटावरच टिपा, नंतर आठवत नाही.

आणि 'सर, शुक्रवारी सबमिशन आहे, ब्लँक सोडून दिला तर चालेल का' हे मला विचारू नका. ब्लँक, म्हणजे मासा न घालता नुसत्या रसायनांचा नमुना, आणि धातूंचे आकडे छापून आलेली प्रमाणित माशाची पूड आधी लावायची, पुडीचा छापील आकडा जुळला तरच नदीचा मासा फ्रीझरमधून बाहेर काढायचा, नाहीतर तो आतच राहू द्या.