ऑस्ट्रेलियातील कच्च्या वाटांसाठी डिझेल ड्युअल कॅब कशी निवडावी

पुढे पाच जणांची केबिन (ड्युअल कॅब) आणि मागे हौदा असलेली डिझेल फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे ऑस्ट्रेलियात जिला सगळे 'युट' म्हणतात ती गाडी घ्यायची ठरली, की शोरूममध्ये सर्वात आधी कानावर पडतात ते इंजिनाचे आकडे. टोयोटा हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन १५० किलोवॅट शक्ती आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते, इसुझु डी-मॅक्सचे ३ लिटरचे इंजिन १४० किलोवॅट आणि ४५० न्यूटन-मीटर देते, तर फोर्ड रेंजरच्या ३ लिटर व्ही-६ इंजिनाचे आकडे १८४ आणि ६०० असे आहेत. हे आकडे खरे असले तरी कच्च्या वाटेवर निवड करायला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण लो रेंजमध्ये, म्हणजे सावकाश पण जोरकस चालवणाऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने दगड चढताना यांपैकी कोणतीच गाडी शक्ती कमी पडली म्हणून थांबत नाही. ती थांबते पोट टेकल्यामुळे, एखादे चाक हवेत लटकल्यामुळे, टायर फाटल्यामुळे किंवा झेपेल त्याहून जास्त सामान लादल्यामुळे. यातल्या शेवटच्या कारणाकडे सर्वात कमी लोकांचे लक्ष जाते, आणि या लेखात त्यालाच सर्वाधिक जागा दिली आहे.

गाड्या पाहायला जाण्यापूर्वी, आपल्याला खरोखर जायचे आहे अशी सर्वात अवघड वाट कोणती, ते ठरवून घ्यावे. व्हिक्टोरियातील हाय कंट्रीमध्ये बिली गोट ब्लफसारखे खडे, दगडी चढ आहेत. तिथे लो रेंज, डिफ लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी यंत्रणा) आणि गाडीच्या पोटाची उंची कामाला येते. क्वीन्सलँडमधील के'गारी बेटावर, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याचे अधिकृत नाव फ्रेझर आयलंड होते तिथे, मऊ वाळू आणि खारे पाणी हे दोनच मुख्य प्रश्न असतात. केप यॉर्कच्या ओल्ड टेलिग्राफ ट्रॅकवर एकामागून एक ओढे ओलांडावे लागतात. सिम्पसन वाळवंटात हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या एकापाठोपाठ एक येतात, पण त्यांच्याहून मोठा प्रश्न इंधनाचा आहे. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल हे अंतर ५०० किलोमीटरहून अधिक असून वाटेत कुठेही डिझेल मिळत नाही. मऊ वाळूत भरलेली गाडी शंभर किलोमीटरला २० लिटरपर्यंत डिझेल पिऊ शकते, म्हणजे शंभर लिटरच्या वर इंधन आणि शिवाय काही राखीव साठा बरोबर हवा. हायलक्स आणि रेंजरची टाकी ८० लिटरची, डी-मॅक्सची ७६ लिटरची. ज्यांना सिम्पसन खुणावते आहे त्यांनी मोठ्या टाकीचा किंवा जेरीकॅनचा खर्च आणि वजन पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावे. ज्यांना केवळ के'गारीला जायचे आहे त्यांनी त्या फंदात पडण्याचे कारण नाही.

आता वजनाकडे वळू. प्रत्येक गाडीला कंपनीने ठरवून दिलेले आणि कायद्याने बंधनकारक असलेले कमाल एकूण वजन असते, त्याला जीव्हीएम म्हणतात. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की उरते ती पेलोड, म्हणजे माणसांसकट काय काय चढवता येईल त्याची मर्यादा. इथे पहिली मेख अशी, की माहितीपत्रकात कधी 'टेअर' वजन दिलेले असते, ज्यात टाकीत फक्त १० लिटर इंधन धरलेले असते, तर कधी 'कर्ब' वजन, ज्यात टाकी पूर्ण भरलेली असते. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच माप घेतले आहे ना, हे आधी पाहावे.

समजा, गाडीचे जीव्हीएम ३,१०० किलो आणि कर्ब वजन २,१०० किलो आहे. हातात हजार किलो उरले, आणि ते पुष्कळ वाटतात. चार माणसांचे २८० किलो धरा. पोलादी बुलबार आणि विंच मिळून १०० किलो होतात. हौद्यावरची कॅनोपी आणि आतले खण मिळून सहज १५० किलो भरतात. छतावरचा तंबू ६०, फ्रिज आणि दुसरी बॅटरी ७०, साठ लिटर पाण्याचे ६०, दोन जेरीकॅन डिझेलचे जवळपास ४०, हत्यारे आणि गाडी बाहेर काढण्याचे सामान ५०, दुसरे स्टेपनी चाक ३५, अन्न, भांडी आणि कपडे ८० किलो. बेरीज ९२५ किलो होते, आणि यातली एकही वस्तू चैनीची म्हणता येणार नाही. आता मागे दीड टनाचा कॅम्पर ट्रेलर जोडा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग टो-बॉलवर येतो, आणि तो भार गाडीच्याच पेलोडमधून वजा होतो; म्हणजे आणखी १५० किलो वाढले आणि गाडी कायदेशीर मर्यादेच्या बाहेर गेली.

'साडेतीन टन ओढते' ही जाहिरात याच कारणाने जपून वाचावी. ओढण्याच्या मर्यादेसोबत जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून चालणारे कमाल वजन, हा आकडाही असतो. समजा जीसीएम ६,००० किलो असेल आणि मागे पूर्ण ३,५०० किलो जोडले, तर गाडीच्या वाट्याला २,५०० किलोच येतात, आणि त्यातून २,१०० किलो तर गाडीच खाते. विक्रेत्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवायला सांगावे. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून निदान वजनाबाबत तरी सल्ला घेऊ नये.

वजन किती यासोबत ते कुठे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ड्युअल कॅबचा हौदा बराचसा मागच्या ॲक्सलच्या मागे जातो. तिथे जड कॅनोपी, त्याही मागे दोन स्टेपन्या, त्यात ट्रेलरचा भार, आणि बसलेली मागची बाजू उचलायला स्प्रिंगच्या पाट्यांजवळ एअरबॅग (हवा भरलेले रबरी फुगे) बसवलेली, अशी गाडी खळग्यात वेगाने आदळली की चासी केबिनच्या मागे वाकते. असे प्रकार ऑस्ट्रेलियाच्या आडवाटांवर अगदी नामांकित कंपन्यांच्या गाड्यांच्या बाबतीतही घडले आहेत. एअरबॅग गाडी समपातळीत दाखवते, पण पेलोड एका किलोनेही वाढवत नाही, उलट भार चासीच्या एकाच जागी आणून सोडते. कायम वजन राहणार असेल तर त्या वजनाला साजेसे पाटे घालावेत, आणि मर्यादाच अपुरी पडत असेल तर प्रमाणित जीव्हीएम अपग्रेड करून घ्यावे. नवी गाडी नोंदणीपूर्वी अपग्रेड केली तर ते देशभर मान्य होते. नोंदणीनंतर केल्यास राज्यागणिक नियम बदलतात.

फोर व्हील ड्राइव्हच्या यंत्रणेत मुख्य फरक एकच. हायलक्स आणि डी-मॅक्समध्ये पार्ट-टाइम पद्धत आहे. तिच्यात पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांचा वेगवान गिअर) लावून वळलात तर यंत्रणेत ताण साठत जातो, म्हणून तिथे टू-व्हीलच ठेवावी लागते. मित्सुबिशी ट्रायटनच्या वरच्या श्रेणींमधील सुपर सिलेक्ट आणि रेंजर व्ही-६ मधील फोर-ऑटो या पद्धती डांबरावरही चालतात. ओल्या डांबरावरून मातीवर, मातीवरून पुन्हा डांबरावर असे सतत बदलणारे रस्ते ज्यांच्या वाट्याला जास्त येतात, त्यांना ही सोय पैसे मोजण्यासारखी आहे. निव्वळ वाळवंटासाठी ती नसली तरी चालते.

मागचा डिफ लॉक मात्र असावाच. तो लावल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलचे, म्हणजे नुसत्याच फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने रोखणाऱ्या यंत्रणेचे, काय होते, हे जरूर विचारावे. काही गाड्यांमध्ये डिफ लॉक लावताच ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद होते, त्यामुळे मागची दोन्ही चाके एकजुटीने फिरत असताना पुढचे एक चाक हवेत नुसतेच गरगरत राहते. लॉक लावून गाडी पुढे जाण्याऐवजी अडखळते आणि चालक चक्रावतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

पोटाखालच्या मोजमापांत ड्युअल कॅबची एक जन्मजात अडचण आहे, ती म्हणजे लांबी. पुढचा चढाव-कोन साधारण ३० अंश मिळतो, पण मधला कोन वीसच्या आसपास आणि मागचा पंचविशीच्या अलीकडेपलीकडे राहतो. त्यामुळे पुढचे तोंड ज्या उंचवट्यावरून सहज गेले, त्याच उंचवट्यावर पोट घासते आणि शेवटी टो-बार जमिनीत रुततो. रेंजर आणि डी-मॅक्ससाठी कंपनीने पाण्यातून जाण्याची मर्यादा ८०० मिलिमीटर दिली आहे, हायलक्ससाठी ७०० मिलिमीटर. तो आकडा संथ पाण्यातून सावकाश जाण्यासाठीचा आहे, हे विसरू नये. केप यॉर्कमध्ये ओढा पायी उतरून तपासण्यापूर्वी तिथे मगरींचा वावर असतो, हेही ध्यानात ठेवावे.

टायरबाबत माझे मत एकांगी आहे: १७ इंचांची रिम मिळत असेल तर १८ किंवा २० इंचांच्या चकचकीत रिमच्या मोहात पडू नये. रिम लहान असली की टायरची भिंत उंच राहते, आणि हवा कमी केल्यावर चाक जमिनीवर लांब पसरायला तीच भिंत कामी येते. मऊ वाळूत १६ ते १८ पीएसआय हवा ठेवली की, आधी रुतणारी तीच गाडी पुष्कळदा सहज निघते. खडबडीत पत्र्यासारख्या लाटांच्या रस्त्यावर वजनानुसार २६-२८ ठेवावी. टायर 'एलटी' (लाइट ट्रक) बांधणीचे, ऑल-टेरेन आणि पूर्ण मापाच्या स्टेपनीसह घ्यावेत.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत आजचा मोठा प्रश्न डीपीएफचा आहे. धुरातील काजळी अडवणारी ही गाळणी, इंजिन बराच वेळ चालून ती स्वतः साधारण ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावर, स्वतःतली काजळी जाळून टाकते. मुलांना शाळेत सोडणे, स्टेशन, बाजार अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ती तितकी तापतच नाही आणि तुंबत जाते. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळातील डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरमधील डीपीएफ यंत्रणा सदोष असल्याचा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये दिला. त्या काळातली जुनी हायलक्स घेत असाल तर गाळणीवर काय काम झाले आहे त्याची कागदपत्रे मागावीत. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या महामार्गावर अर्धा तास गाडी पळणार नसेल, तर शहरातील रोजच्या वापरासाठी डिझेल घेऊच नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. दुसरा शत्रू इंधनातले पाणी. आजच्या कॉमन रेल (उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या) इंजेक्टरना ते सोसत नाही, आणि दुर्गम रोडहाउसच्या टाकीत काय असेल याची खात्री देता येत नाही, म्हणून पाणी वेगळे करणारा जादा फिल्टर ही स्वस्तातली सुरक्षा आहे.

मेलबर्न-सिडनीतील मराठी घरांसाठी दोन गोष्टी. मुलांच्या सीटचा वरचा पट्टा ड्युअल कॅबमध्ये सीटमागच्या कापडी फासातून ओवून घ्यावा लागतो आणि ते काम किचकट असते. आपली सीट बरोबर नेऊन बसवून पाहावी. भारतातून आई-बाबा आले, की उंच केलेल्या गाडीत त्यांना चढवायला पायरी लागते, पण बाजूच्या नाजूक पायऱ्या दगडांवर पहिल्याच खेपेला चेपतात. म्हणून भार सोसणारे रॉक स्लायडर लावावेत आणि घरी एक घडीचे स्टूल ठेवावे.

जुनी गाडी पाहताना अंगावरच्या चकाकीपेक्षा खालचा भाग टॉर्च लावून पाहावा. चासीच्या पोकळ भागांत वाळू आणि गंजाचे पापुद्रे दिसले तर गाडी समुद्रकिनारी फिरली आहे आणि नीट धुतली गेलेली नाही. मग गाडीच्या बाजूला उभे राहून केबिन आणि हौदा यांच्यामधली फट पाहावी: ती वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल, तर चासी वाकल्याची शंका घ्यावी. डिफरेन्शियलचे ऑइल दुधासारखे पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. लो रेंज आणि डिफ लॉक मातीवर प्रत्यक्ष लावून पाहावेत. लॉकचा दिवा लुकलुकत राहणे म्हणजे लॉक अजून लागलेला नाही. पीपीएसआर, म्हणजे वैयक्तिक मालमत्तेवरील कर्जांच्या सरकारी नोंदवहीची, तपासणी दोन डॉलरमध्ये होते आणि गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, ते कळते.

गाडी घरी आली, बुलबारपासून फ्रिजपर्यंत सगळे बसवून झाले, की पहिल्या लांब प्रवासाआधी टाकी आणि पाणी पूर्ण भरून, घरच्या सगळ्यांना आत बसवून ती सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि एकूण, अशी तीन वजने घ्यावीत, ती दरवाज्याजवळच्या पाटीवरील आकड्यांशी ताडावीत, आणि मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असेल तर सामान पुढे सरकवूनही ते बसते का, हे त्याच फेरीत पुन्हा काट्यावर चढवून पाहावे.