सोलापूरच्या खानावळीत जेवायचं तर

सोलापुरात खानावळ निवडताना पाटी वाचण्यात अर्थ नाही; ‘घरगुती जेवण’ सगळ्यांच्याच पाटीवर असतं. दारात क्षणभर थांबा आणि भाकरी थापल्याचा आवाज येतो का ते ऐका. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडत असेल तर आत शिरा. टोपलीत फडक्याखाली भाकऱ्यांची चवड रचलेली दिसली तर पुढची गल्ली धरा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे मऊ भाकरी गार झाली की कोरडी पडते आणि घडी घालताच तुटते.

वेळ साधारण साडेबारा ते दोनची. आधी गेलात तर भाजी असते पण तवा तापलेला नसतो. अडीचनंतर वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागतं.

शाकाहारी जेवायचं असेल तर लिंगायत खानावळ गाठा. सिद्धेश्वर मंदिर, बाळीवेस हा जुना भाग त्यासाठी बरा. स्टेशनपासून मंदिर दोनेक किलोमीटर, रिक्षा करा नाहीतर चालत जा. ताटात भाकरी, भरलं वांगं, डाळ, एखादी उसळ, शेंगा चटणी, दही आणि कांदा. वाढपी आत कन्नडमध्ये ओरडेल, शेजारच्या टेबलावर तेलुगू चाललेलं असेल, तुमच्याशी मराठीत बोलतील. इथे ते रोजचंच आहे.

‘मऊ का कडक?’ असं विचारलं तर दोन्हीतली एकेक घ्या. कडक म्हणजे पापडासारखी कुरकुरीत, टिकाऊ भाकरी; ती मात्र चपातीसारखी तुकडा मोडून खाऊ नका, टाळू सोलवटेल. अर्धी भाकरी ताटात बोटाच्या पेराएवढी चुरा, वर दीड वाटी वाफाळती डाळ ओता, दोन मिनिटं थांबा. कडा मऊ झालेल्या, मधला भाग अजून किंचित कुरकुरीत, अशी वेळ साधायची. पाच मिनिटं गप्पांत गेली की लापशी झालीच म्हणून समजा. उरलेली अर्धी कोरडीच ठेवा, दही आणि चटणीसाठी.

चटणी विकत घेण्याआधी चिमूटभर दोन बोटांत दाबा. बोटं तेलकट झाली आणि चटणीची गुठळी बसली, तर ती कुटलेली आहे. भुरभुर सांडली तर मिक्सरमधली. मिक्सरचं पातं दाणा कापतं, उखळात तो चेचला जातो आणि आतलं तेल सुटून तिखट-लसणाला धरतं. चवीतला सगळा फरक तिथे आहे. लालभडक रंगावर भाळू नका, वास घ्या. जुन्या दाण्याचा खवटपणा तिखटाखाली लपत नाही.

घरी करायची तर पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, सालं अर्धीमुर्धीच काढा. दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ आधी कुटा, मग दोन मोठे चमचे तिखट, शेवटी थोडेथोडे दाणे. दाणे गरम असताना कुटले तर चटणीचा लगदा होतो.

मटण खाणाऱ्यांनी रात्री सावजी खानावळीत जावं. काळा रस्सा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याने आणि मसाल्याने काळा होतो. तिखट झेपत नसेल तर ‘तर्री कमी’ हे आधीच सांगा, ताट आल्यावर उपयोग नाही. खिमा उंडे, म्हणजे खिम्याचे गोळे, मिळत असतील तर सोडू नका. सोबत भाकरीच घ्या, रोटी मागवून रश्श्याचा अपमान करू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारीत आलात तर एक जेवण कमी करून शहराबाहेर हुरड्याला जा. आणि ज्वारी न्यायची असेल तर मंगळवेढ्याची मालदांडी मागा. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

कडक भाकऱ्या नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम भरू नका, आत घाम सुटून त्या नरम पडतात. कागदात गुंडाळा, घरी गेल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तरी पावसाळ्यात लवचीक झाल्याच, तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं शेका आणि गार होईपर्यंत झाकू नका.