कॅरेक्टर मेलं आणि खेळाडू रुसला? डीएम मंडळींनो, या चुका टाळा

"ह्या रविवारी जमायचं नाही, बोटीवर काम आहे." माझ्या मामेभावाचा हा मेसेज आला तेव्हा जुलै चालू होता. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून झापांनी शाकारलेल्या, आणि ह्याला बोटीवर काम! मग लक्षात आलं. आदल्या रविवारी राणबा मेला होता.

राणबा तांडेल हे त्याचं कॅरेक्टर, म्हणजे फाशांवर चालणाऱ्या आमच्या गोष्टीच्या खेळातलं पात्र. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा; बाकीचे एकेक पात्र चालवतात. खेळ डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. राणबा तिसऱ्या लेव्हलचा फायटर (लढवय्या), २८ हिट पॉइंट, म्हणजे अंगात तेवढा जीव. कुडाळला आमच्या पडवीत आम्ही पाचजण खेळतो. खाडीत अडकलेलं जाळं सोडवायला राणबाने उडी घेतली. मी म्हटलं, "पाणी संथ आहे." माझ्या वहीत मात्र त्या पाण्यात गिऱ्हा, पाण्यातलं भूत, बसला होता. पहिल्या फेरीत वीस हिट पॉइंट गेले. दुसऱ्या फेरीत गिऱ्ह्याच्या पहिल्या तडाख्याने राणबा शून्यावर आला, आणि दुसरा तडाखा बेशुद्ध राणबावर बसला. पाच फुटांच्या आतून बेशुद्ध माणसाला बसलेला घाव क्रिटिकल (जबर) धरतात, म्हणजे मरणाच्या सेव्हमधली दोन अपयशं एकदम. शून्यावर आलेला आपल्या पाळीला जगण्यासाठी फासा टाकतो तो हा सेव्ह; तीन अपयशं झाली की मेला. त्याची पाळी आली, फासा पडला चार. दहा किंवा वर हवे होते. तिसरं अपयश. संपला.

नियम एकही चुकला नव्हता. चुकलो मी, आणि एकदा नाही.

धोका वहीत ठेवला, टेबलावर आणलाच नाही

भाऊ पुढे म्हणाला ते असं: "मेलंय त्याचा काय नाय रे. पण थंय मरूचा आसा ता माका कळूक होया होता." ह्यातच सगळं आलं. मेल्याचा राग फार थोड्यांना येतो, न कळता मेल्याचा सगळ्यांना येतो. पाणी संथ असेना का, काठावर कुणाची तरी एकच वहाण पडलेली दाखवायची, खाडीजवळ कुत्रं यायला तयार नाही असं सांगायचं. आता मी जिवावरच्या जागी निदान दोन खुणा देतो आणि तरीही कुणी उडी घेतलीच तर सरळ विचारतो, "नक्की?" खेळाची मजा जाईल असं वाटायचं. गेली नाही. उलट "नक्की" म्हणून उडी घेणाऱ्याकडे बाकीचे श्वास रोखून बघतात.

मरणाबद्दल आधी बोलणंच नाही

आमच्याकडचे दशावतारी बघा. हातात लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. पण राक्षस मरणार हे राक्षसाचं काम करणाऱ्यालाही ठाऊक असतं. आपल्या टेबलावर तेवढंही ठरलेलं नसतं. त्यात प्रत्येकजण वेगळ्या गावाहून आलेला. 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा भयकथेचा खेळ (१९८१) खेळून आलेला माणूस आपलं कॅरेक्टर मरेल नाहीतर वेडं होईल हे धरूनच बसतो. 'पॅरानोइया'त (१९८४) प्रत्येकाचे सहा क्लोन, तिथे मरण हा विनोद. आणि माझा भाऊ दोन पानं पूर्वकथा लिहून आला होता, राणबाच्या आजीच्या नथीसकट.

म्हणून सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, देवापुढे गाऱ्हाणं घालतो तसं एकदाच सगळ्यांसमोर विचारून टाका: फासा म्हणेल तेव्हा मरण, की खेळाडूने मान्य केल्यावरच, की फक्त मोठ्या लढाईत? आमच्या टेबलाने तिसरं निवडलं. तुमचं काहीही असो, पण ठरलेलं असू दे.

ह्याच बोलण्यात आणखी एक विचारायचं, आणि किनाऱ्यावर तर नक्कीच. इथे वाडीत एखादं घर असतंच, जिथलं कुणी समुद्रावर गेलं ते परतलं नाही. बुडून मरण्याचं वर्णन रंगवायचं की "तो गेला" एवढंच म्हणून पुढे सरकायचं, हे त्या घरातल्या पोराला सगळ्यांदेखत बोलावं लागू नये. चिठ्ठीवर लिहून घ्या.

पाचव्या लेव्हलआधी आणि नंतर एकच हिशेब

पहिल्या लेव्हलला सात हिट पॉइंटच्या विझार्डला (जादूगाराला) एका घावात १४ बसले तर सेव्हबिव्ह काही नाही, जागीच खेळ खलास. शून्यावर येऊन उरलेला मार कमाल हिट पॉइंटएवढा झाला की असंच होतं. पाचव्या लेव्हलला क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवायचा मंत्र येतो: एका मिनिटाच्या आत, ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्चून माणूस परत उभा. म्हणजे मरण हा आता हिऱ्यांचा प्रश्न. तेव्हा सुरुवातीला हात जरा राखून मारा आणि पुढे हिरे किती सापडू द्यायचे ह्यावर लक्ष ठेवा. पडद्याआड फासा फिरवून वाचवणं मला पटत नाही. एकदा कुणी पाहिलं की पुढच्या प्रत्येक जिंकण्यावर संशय.

मेलेल्याला नुसतं बसवून ठेवलं

राणबा नऊला मेला. आम्ही बारापर्यंत खेळलो. मधले तीन तास भाऊ काय करत होता? वीज गेली तेव्हा मेणबत्ती शोधली, सगळ्यांना सोलकढी दिली, आणि मग मोबाइलवर रील. ही चूक मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती टाळायला अक्कलसुद्धा लागत नाही. मेलेल्याच्या हातात राक्षसाचे फासे द्या. जवळ एक तयार कॅरेक्टर शीट ठेवा, इतरांच्याच लेव्हलचं. मरणाचा दंड म्हणून खालची लेव्हल देऊ नका, मेला हाच दंड झाला. अर्ध्या तासात नवा माणूस कथेत आला पाहिजे, मग योगायोग कितीही ओढूनताणून असो.

आणि त्याआधी दोन मिनिटं शेवटचं बोलणं त्याला बोलू द्या. मी तेही दिलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी भाऊ आला. बोटी अजून झापाखालीच होत्या, मी काही विचारलं नाही. त्याने स्वतःच नवं शीट भरून आणलं होतं: राणबाचा मेव्हणा, 'रोग' म्हणजे चोरटा, तिसरी लेव्हल. बाकीचे राणबाला अग्नी देऊन परतत होते, तेवढ्यात हा माडाखालून पुढे आला. सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि म्हणाला, "राणब्यान माजे पैसे खंय ठेवल्यान?"